आकाशातील मजले

गेल्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू होता आणि शाळेवरून एक विमान गेले. मुलांच्या माना खिडकीकडे वळल्या. विमान दिसेनासे झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने हात वर केला व विचारले, "सर, माझे अब्बा परवा रात्रीच्या विमानाने जाणार आहेत. वर इतकी विमाने असतात. रात्री अंधार असतो, ढग असतात. मग ती एकमेकांवर आदळत कशी नाहीत?"

काही मुले हसली. मला हसू आले नाही. प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकाच्या कामी हा 'उद्या' फार येतो. परंतु दिलेला उद्या पाळावाही लागतो. त्या रात्री मी वाचावयास बसलो आणि पुढे कित्येक रात्री वाचत राहिलो. मी इतिहासाचा शिक्षक. विज्ञानाशी माझा संबंध शाळेपुरताच आला. तरीही वाचता वाचता ध्यानात आले की, या प्रश्नाचे निम्मे उत्तर विज्ञानात असले तरी निम्मे इतिहासात आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी नोकरीसाठी, उमऱ्यासाठी वा हजसाठी विमानाने जात असतो. विमान उतरल्याचा फोन येईपर्यंत घरात कोणाला झोप लागत नाही. म्हणून जे मला समजले ते आपणा सर्वांपुढे मांडीत आहे.

मोकळे आकाश

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे आणले. विमानात टपाल होते. टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेचा तो आरंभ होय. त्या दिवशी त्यांच्या वाटेत दुसरे विमान आडवे येण्याची भीती बाळगण्याचे काही कारण नव्हते. एवढ्या विशाल आकाशात दोन विमाने समोरासमोर येणार तरी कशी, असे कोणालाही वाटले असते.

परंतु युरोपात असे घडून चुकले होते. ७ एप्रिल १९२२ रोजी फ्रान्समधील पिकार्डी भागात एक इंग्रज विमान व एक फ्रेंच विमान समोरासमोर आदळले आणि दोन्ही विमानांतील मिळून सात जण मृत्युमुखी पडले. एक विमान लंडनच्या क्रॉयडन विमानतळाहून पॅरिसकडे निघाले होते, दुसरे पॅरिसहून लंडनकडे. प्रवासी विमानांची ही पहिलीच टक्कर. आकाश मोकळे होते, मग ती झाली कशी? त्या काळी वैमानिक खालचा रस्ता पाहून वाट काढीत. दोघेही एकाच रस्त्याच्या माग्यावर होते. हवा धूसर होती, त्यामुळे दोघेही खालून उडत होते. आकाश कितीही मोठे असले तरी माणसे त्यातील मोजक्याच वाटा वापरतात आणि गर्दी त्या वाटांवर होते, हा त्या अपघाताचा धडा.

त्यानंतर उजव्या बाजूने जाण्याचा नियम पुढे आला. तो ठीकच होता. परंतु समोरचा दिसला तरच माणूस बाजूला होणार. ढगात आणि काळोखात काय करावयाचे? विमानांचा वेग वाढत गेला तसा हा उपाय अपुरा पडू लागला. आजची दोन प्रवासी विमाने समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला सुमारे अर्ध्या किलोमीटरने कमी होते. दहा किलोमीटरवर असलेले विमान वीस सेकंदांत अंगावर येते. केवळ नजरेवर विसंबून हे भागण्यासारखे नाही.

तेव्हा माणसाने तिसऱ्या दिशेचा, म्हणजे उंचीचा आधार घेतला. मुंबईतील चाळीचे उदाहरण घ्या. पहिल्या मजल्यावरील माणूस व दुसऱ्या मजल्यावरील माणूस एकाच जागी, एकावर एक उभे असले तरी त्यांचा धक्का एकमेकांस लागत नाही. आकाशालाही असे मजले पाडले आणि प्रत्येक विमानाला त्याचा मजला नेमून दिला, तर ढगात काही न दिसले तरी बिघडत नाही. १९३५च्या डिसेंबरात अमेरिकेतील नेवार्क येथे विमान कंपन्यांनी मिळून असे एक केंद्र उघडले आणि पुढच्याच वर्षी तेथील सरकारने ते आपल्या हाती घेतले. टेबलावर नकाशा पसरलेला, त्यावर विमानांच्या नावाच्या खुणा, हाताशी टेलिफोन. कोणते विमान किती वाजता कोठे आणि किती उंचीवर, हे विचारून माणसे त्या खुणा हाताने पुढे सरकवीत असत. विमान त्यांना दिसत नसे. जे कळवले जाई त्यावर विश्वास ठेवून सारा कारभार चाले.

पाऱ्याच्या नळीपासून

आता खरा प्रश्न उभा राहतो. चाळीचा मजला जिन्यावरून कळतो; आकाशात आपण कोणत्या मजल्यावर आहोत हे वैमानिकाला कसे कळावे?

याचे उत्तर विमानापेक्षा अडीचशे वर्षांहून अधिक जुने आहे. १६४३ साली इटलीतील टॉरिचेली याने पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने हवेला भार असतो हे दाखवून दिले. १६४८च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये पास्कल याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये ही नळी घेऊन पुई-द-दोम नावाच्या डोंगरावर चढला. माथ्यावर पोहोचेपर्यंत पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर उतरला होता. वर जावे तसतसा डोक्यावरील हवेचा थर कमी होतो आणि वायुभारही कमी होतो, हे सिद्ध झाले. पुढे १८४४ साली फ्रान्समधील लुसियाँ विदी याने पाऱ्याऐवजी निर्वात केलेली धातूची पातळ डबी वापरून निर्द्रव वायुभारमापक तयार केला. बाहेरचा दाब कमी झाला की डबी फुगते आणि तिला जोडलेला काटा फिरतो. हाच काटा मिलिबारऐवजी फूट दाखवू लागला की झाला उंचीमापक, ज्याला वैमानिक अल्टिमीटर म्हणतात.

प्रारंभीचे उंचीमापक ढोबळ होते. १९२८ साली जर्मनीत जन्मलेल्या व न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या पॉल कोल्समन याने घड्याळासारखा नाजूक दातेचक्रांचा उंचीमापक बनविला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकन वैमानिक जेम्स डूलिटल याने आपली बैठक पूर्णपणे झाकून घेतली आणि बाहेर न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान वर नेले, फिरवले आणि खाली उतरवले. त्या उपकरणांत कोल्समनचा उंचीमापक होता. ढगांतून सुरक्षितपणे जाता येईल, हा विश्वास त्या दिवसापासून आला.

सर्वांची चूक एकच असावी

विद्यार्थी मित्रांनो, आता सांगतो ती गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटली.

उंचीमापक प्रत्यक्षात उंची मोजतच नाही. तो मोजतो वायुभार. आणि वायुभार तर रोज बदलतो. पावसाळ्यात मुंबईचा वायुभार उतरतो, हिवाळ्यात चढतो. समुद्रसपाटीजवळ एका मिलिबारचा, म्हणजे आजच्या नावाने एका हेक्टोपास्कलचा फरक पडला तर काटा सुमारे २७ फुटांनी चुकतो. दहा मिलिबारचा फरक पडला की २७० फूट चुकले. म्हणून विमान उतरताना किंवा चढताना त्या विमानतळावरून सांगितलेला त्या वेळचा वायुभार वैमानिक आपल्या उंचीमापकावर लावतो. खाली टेकड्या असतात, मनोरे असतात, धावपट्टी असते. तेथे खरी उंची कळणे आवश्यक असते.

परंतु विमान उंच गेले म्हणजे काय करावे? मुंबईहून निघालेल्या विमानाने मुंबईचा वायुभार लावला, जेद्दाहून आलेल्याने जेद्दाचा, आणि दोघे अरबी समुद्रावर समोरासमोर आले तर? एकाचा '३४ हजार फूट' आणि दुसऱ्याचा '३५ हजार फूट' यांत प्रत्यक्षात हजार फुटांचे अंतर आहेच, अशी खात्री कोणी द्यावी? म्हणून जगातील सर्व वैमानिकांनी एक नियम मान्य केला आहे. एका ठरावीक उंचीच्या वर गेले की स्थानिक वायुभार सोडून द्यावयाचा आणि सर्वांनी एकच आकडा लावावयाचा. तो आकडा आहे १०१३.२५. खाली जमिनीवर त्या दिवशी प्रत्यक्ष वायुभार कितीही असो, वरच्या सर्वांच्या उंचीमापकावर हाच आकडा असतो.

याचा अर्थ असा की, वर उडणाऱ्या प्रत्येक विमानाचा काटा खऱ्या उंचीपेक्षा थोडाफार चुकीचाच असतो. परंतु सगळे सारखेच चुकतात. दोन भावांची घड्याळे पाच-पाच मिनिटे पुढे असली तरी त्यांची भेट चुकत नाही. एकाचे पुढे आणि एकाचे मागे असले तरच चुकते. म्हणून या मजल्यांना 'फूट' न म्हणता 'फ्लाइट लेव्हल' म्हणतात. फ्लाइट लेव्हल ३५० म्हणजे सर्वांच्या समान मापाने ३५ हजार फूट.

मजल्यांची वाटणीही सोपी आहे. साधारणतः पूर्वेकडे जाणारी विमाने विषम हजारांवर उडतात आणि पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर. मी त्या विद्यार्थ्याला सांगितले, "तुझे अब्बा जाताना ३२, ३४ किंवा ३६ हजार फुटांसारख्या सम मजल्यावरून जातील आणि सुट्टीवर येताना ३३, ३५ किंवा ३७ हजारांसारख्या विषम मजल्यावरून येतील. समोरून येणारे विमान त्यांच्या मजल्यावर नसणारच." त्याने ते वहीत लिहून घेतले.

हजार, दोन हजार, पुन्हा हजार

दोन मजल्यांत अंतर किती असावे? दुसऱ्या महायुद्धानंतर एक हजार फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर, हे माप रूढ झाले. चार कुतुबमिनार एकावर एक ठेवले तर जवळजवळ एवढी उंची भरेल.

नुसते माप ठरवून भागत नाही, याचा प्रत्यय ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर आला. दोन प्रवासी विमाने २१ हजार फुटांवर एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसे गेली. दोन्ही विमाने एकाच मजल्यावर होती आणि त्या भागात त्यांच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते. वैमानिकांनी स्वतः पाहून एकमेकांस चुकवावे, असा तेथील रिवाज होता. या अपघातानंतर अमेरिकेत मोठी चर्चा झाली आणि १९५८ साली हवाई वाहतुकीवर देखरेख करणारी स्वतंत्र यंत्रणा कायद्याने स्थापन झाली.

त्याच सुमारास जेट विमाने आली. ती पूर्वीच्या विमानांपेक्षा पुष्कळ उंच उडत आणि येथे पास्कलच्या त्या डोंगराने नवी अडचण पुढे आणली. वर हवा विरळ असते. समुद्रसपाटीजवळ एक मिलिबार म्हणजे २७ फूट. परंतु ३७ हजार फुटांवर एक मिलिबार म्हणजे सुमारे ९५ फूट. डबीने खाली केलेली किरकोळ चूक वर तिपटीहून अधिक मोठी होते. म्हणून १९६० साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २९ हजार फुटांच्या वर दोन हजार फुटांचे अंतर ठरविले व १९६६ साली ती सीमा साऱ्या जगासाठी एकच केली. यंत्रावर पुरता भरवसा नसेल तर अंतर वाढवावे, हा शहाणपणाचा निर्णय होता.

पण त्याची किंमत होती. २९ हजार ते ४१ हजार फूट या पट्ट्यात सातच मजले उरले आणि जेट विमानांना कमी इंधनात उडता येते ते नेमके याच पट्ट्यात. सोयीचा मजला मिळाला नाही की विमानाला खाली राहून जास्त इंधन जाळावे लागे. १९७३नंतर खनिज तेलाचे भाव कडाडले आणि हे नुकसान सर्वांना जाणवू लागले. पाहा, इतिहासाचे धागे कसे गुंतलेले असतात! ज्या तेलाच्या पैशाने आखातात इमारती उभ्या राहिल्या आणि आपल्या गावोगावची माणसे तेथे कामाला गेली, त्याच तेलाच्या महागाईने जगातील तज्ज्ञांना आकाशातील मजले पुन्हा मोजावयास लावले.

परंतु त्यांनी घाई केली नाही, हे मला विशेष सांगावयाचे आहे. दोन हजारांचे पुन्हा हजार करता येतील काय, याचा अभ्यास अनेक देशांनी केला. हजारो विमाने उडत असताना त्यांचे उंचीमापक प्रत्यक्षात किती चुकतात हे मोजले. १९८८ साली निष्कर्ष निघाला की, हे शक्य आहे. मात्र काही अटींवर. विमानात उंची मोजण्याच्या दोन स्वतंत्र व्यवस्था हव्यात. नेमलेली उंची आपोआप सांभाळणारे यंत्र हवे. उंची सुटू लागली तर वैमानिकास सावध करणारा इशारा हवा. आणि प्रत्येक विमानाची वेळोवेळी बाहेरून तपासणी व्हावयास हवी. सुरक्षिततेची कसोटीही आकड्यांत ठरविली. केवळ उंची राखण्यातील तांत्रिक चुकीमुळे होणारी टक्कर ४० कोटी उड्डाण-तासांत एकीपेक्षा अधिक संभवू नये.

एवढे करूनही पहिला प्रयोग उत्तर अटलांटिक महासागरावर, तोही मोजक्या मजल्यांवर, २७ मार्च १९९७ रोजी झाला. अनुभव चांगला आला तसा तो पसरत गेला. युरोपात २४ जानेवारी २००२ रोजी, भारतात व आसपासच्या आकाशात २७ नोव्हेंबर २००३ रोजी, उत्तर अमेरिकेत जानेवारी २००५मध्ये, आफ्रिकेत २००८ साली आणि रशियात २०११ साली तो लागू झाला. सात मजल्यांचे तेरा झाले. आकाश तेवढेच राहिले, तरी त्यात जागा वाढली. माप अचूक झाले, म्हणून ती वाढली.

चरखी दादरी

वाचकहो, इथपर्यंतचे वाचून कोणास वाटेल की, चांगली यंत्रे आणली की काम संपले. तसे नाही. आता मला एका दुःखद दिवसाकडे वळावयाचे आहे.

१२ नोव्हेंबर १९९६. मी त्या वेळी दुसरीत होतो. माझे वडील तीनच दिवसांपूर्वी सुट्टी संपवून मुंबईहून सौदी अरबस्तानला परतले होते. रात्री शेजारच्या घरी दूरदर्शनवर बातमी आली : दिल्लीहून निघालेले सौदी विमान पडले. वडील मुंबईहून गेले होते, तेही आधीच पोहोचायला हवे होते, हे अम्मीला कळत होते. तरीही ती त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवर वडिलांचा आवाज ऐकला तेव्हा ती रडली. तिच्यासारख्या किती घरांत त्या रात्री फोनची वाट पाहिली गेली असेल! आणि तीनशेहून अधिक घरांत तो फोन आलाच नाही.

घडले ते असे. सौदी अरबस्तानचे बोइंग ७४७ विमान सायंकाळी दिल्लीहून दहरानमार्गे जेद्दाला निघाले होते. त्यात ३१२ जण होते. पुष्कळसे नोकरीसाठी जाणारे भारतीय. त्याच वेळी कझाकस्तानचे इल्यूशिन विमान ३७ जणांसह दिल्लीकडे उतरत येत होते. त्या काळी दिल्लीला येण्याची आणि दिल्लीहून जाण्याची वाट एकच होती. नियंत्रकाने चढणाऱ्या सौदी विमानास १४ हजार फुटांवर थांबावयास सांगितले आणि उतरणाऱ्या कझाक विमानास १५ हजारांवर. मध्ये एक हजार फूट. समोरून विमान येत आहे, याची सूचनाही त्याने कझाक विमानास दिली होती.

कझाक विमानाने आपण १५ हजार फुटांवर असल्याचे कळविले, पण ते खाली येतच राहिले. नियंत्रकासमोरील रडारच्या पडद्यावर दोन ठिपके जवळ येताना दिसत होते. परंतु ते जुने रडार ठिपक्याची उंची दाखवीत नव्हते. उंची दाखविणारे नवे रडार अजून सुरू व्हावयाचे होते. उंची त्याला वैमानिक सांगेल तेवढीच कळणार. सायंकाळी पावणेसातच्या आत हरियाणातील चरखी दादरीवरच्या आकाशात दोन्ही विमाने आदळली. ३४९ माणसांपैकी एकही वाचला नाही. आकाशातील टकरींमध्ये एवढी मोठी हानी आजवर दुसरी झालेली नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक विमानाने नेमलेली उंची सोडून खाली येणे हे अपघाताचे कारण ठरविले. त्यामागे काय होते? त्या विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचे काम रेडिओ चालकाकडे होते; विमान हाकणारे वेगळे. वैमानिकांना मीटरमध्ये उंची मोजण्याची सवय, दिल्लीचा हुकूम फुटांत आणि इंग्रजीत. एका कानातून दुसऱ्या हातापर्यंत पोहोचताना एक हजार फूट हरवले.

त्या अपघाताने पुष्कळ गोष्टी बदलल्या. दिल्लीच्या येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. उंची दाखविणारे रडार सुरू झाले. समोरच्या विमानाचा अंदाज घेऊन वैमानिकास 'वर चढा' किंवा 'खाली या' असे सांगणारे टक्करविरोधी उपकरण भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. आणि भाषेचा प्रश्न १९९८ साली आंतरराष्ट्रीय संघटनेच्या महासभेत पोहोचला. पुढे मार्च २००८पासून आंतरराष्ट्रीय मार्गांवरील वैमानिक व नियंत्रक यांना इंग्रजी संभाषणाची ठरावीक पात्रता सिद्ध करणे आवश्यक झाले.

यंत्र आणि माणूस यांतील गोंधळ मात्र आणखी एकदा महागात पडला. १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेन गावावर एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान ३६ हजार फुटांवर एकाच पातळीत आली. रशियन विमानातील उपकरणाने 'वर चढा' असे सांगितले. जमिनीवरील एकट्या नियंत्रकाने त्याच वेळी 'खाली या' असे सांगितले. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. मालवाहू विमान आपल्या उपकरणाच्या सांगण्यावरून खालीच येत होते. ७१ जण मरण पावले. त्यांत ५२ मुले होती; बहुतेक शाळकरी मुले, सुट्टीसाठी स्पेनला निघालेली. आज नियम निःसंदिग्ध आहे : अशा वेळी दोघांनीही उपकरणाचेच ऐकावयाचे. दोघांनी दोन वेगळ्या हुकमांचे ऐकले की हुकूम कितीही चांगला असो, नाश ठरलेला.

उत्तर

तेव्हा विमाने एकमेकांवर का आदळत नाहीत? दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गाला जे सांगितले तेच आपणास सांगतो. सर्वांनी एक माप मान्य केले आहे म्हणून. प्रत्येक जण आपण कोठे आहोत हे खरे सांगतो म्हणून. आणि नेमून दिलेला मजला, दुसरा दिसत नसला तरी, प्रत्येक जण सोडत नाही म्हणून. या तिन्हींपैकी एक गोष्ट सुटली की काय होते ते चरखी दादरीच्या शेतांनी पाहिले आहे.

पालकांना एक विनंती. आपला मुलगा वा मुलगी इंग्रजीच्या तासाला कंटाळत असेल, मीटरचे फूट करण्याच्या उदाहरणाला "हे कशाला शिकायचे?" म्हणत असेल, तर त्याला या ३४९ माणसांची गोष्ट सांगा. ऐकलेले नीट समजणे आणि समजलेले नीट सांगणे यावर कधी कधी माणसांचे प्राण अवलंबून असतात. आणि विद्यार्थी मित्रांनो, जमिनीवर बसून हे मजले सांभाळणाऱ्या नियंत्रकाचे पद काही आभाळातून पडत नाही. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. झालेला किंवा अभियांत्रिकीची पदवी मिळविलेला कोणताही मुलगा वा मुलगी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेस बसू शकते. आपल्या शाळेतून विमानात बसून जाणारे पुष्कळ झाले. विमानांना वाट दाखविणारे कोणी अजून झालेले माझ्या ऐकिवात नाही. तुमच्यापैकी कोणी व्हावे, अशी माझी फार इच्छा आहे.

त्या विद्यार्थ्याचे अब्बा सुखरूप पोहोचले. चार दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी अब्बांना विचारले, विमान कितव्या मजल्यावर होते. समोरच्या पडद्यावर ३४ हजार लिहिले होते म्हणाले." मग थोडा थांबून हसत म्हणाला, "सम."